साठची कॅसेट

“ताई, नव्वद मिनिटांची घ्या. साठच्या कॅसेटमध्ये ही सीडी बसायची नाही. शेवट कापला जाईल.”

महाडच्या बाजारपेठेत कॅसेटी भरून देणाऱ्या कमलाकरभाऊंनी देवश्रीला हे एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं, ती बीएच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि त्या वयात एखादी गोष्ट कुणी दोनदा सांगितली की ती ऐकायची नाही असंच माणूस ठरवून टाकतं. “नव्वदची टेप पातळ असते भाऊ, आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये गुंतते,” ती म्हणाली. “आणि शेवटी काय, नुसतं वाजतच राहतं. तेवढं गेलं तर जाऊ दे.” भाऊंनी “तुमची मर्जी” म्हणत बॉलपेन घेतलं आणि कॅसेटच्या पाठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘इंग्लिश, नुसतं बोलणं.’

पुढची पाच वर्षं तिला भाऊंच्या त्या ‘शेवट कापला जाईल’ची कधी आठवण झाली नाही. झाली ती कशेडीच्या पायथ्याशी, दोन तास जागेवर उभ्या असलेल्या महाड-खेड गाडीत, मांडीवर सात महिन्यांची ओवी घेऊन बसलेली असताना.

घाटात दरड आली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक. गाडीला ना पुढे सरकता येत होतं ना तोंड फिरवता येत होतं. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, त्यामुळे आत माणसांच्या ओल्या कपड्यांचा, डिझेलचा आणि कुणीतरी सोललेल्या संत्र्याचा मिळून एक आंबूस वास कोंडला होता. सासूबाई, गोदावरीबाई, खिडकीशी बसल्या होत्या. खेडला त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, आणि ते पाच वाजता होतं, आणि आता दोन वाजले होते, हे त्या दर दहा मिनिटांनी गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या.

देवश्री दर दहा मिनिटांनी ओवीच्या कपाळाला हात लावत होती. कपाळ कोमट होतं. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असायची. ओवी किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, अंग किती तापलं, सगळं त्यात तारीखवार. घरात त्या वहीची थट्टा व्हायची. “आमच्या वेळी पोरं वहीशिवाय वाढली,” गोदावरीबाई म्हणायच्या. देवश्री लिहीत राहायची. लिहिलं नाही तर काहीतरी निसटेल, आणि निसटलेलं नंतर सापडणार नाही, ही तिची भीती कुणाला समजावून सांगण्यासारखी नव्हती.

“देवश्री? मघापासून मागून बघतोय. तूच आहेस ना?”

मागच्या बाकावरून उठून आलेला माणूस तिला आधी ओळखूच आला नाही. मग हसला तेव्हा ओळखू आला. प्रितम! कॉलेजातला प्रितम. आता पोट थोडं पुढे आलेलं, गळ्यात मुंबईच्या कंपनीचं कार्ड, कानातून लोंबणारी वायर.

“अरे! तू कुठे इकडे?”

“चिपळूणला. ऑफिसचं काम. काम कसलं, सजा आहे.” तो पुढच्या बाकावर उलटा गुडघा टेकून बसला. “ही कोण? नाव काय?”

“ओवी.”

प्रितम ओवीकडे वाकला. “सरितानं ठेवलं?”

“तिच्या त्या वाक्यावरूनच ठेवलं.”

गोदावरीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण हे?”

“माझ्या वर्गात होता आई. प्रितम.”

“आडनाव काय म्हणालात?”

“म्हणालो नाही अजून, काकू,” प्रितम हसून म्हणाला. “गाव कापड्याच्या अलीकडचं. बुद्धवाडी.”

“असं होय,” म्हणून गोदावरीबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा ट्रककडे बघायला लागल्या. कान मात्र इकडेच होते.

कॉलेजच्या त्या शेवटच्या वर्षी ते तिघं होते. देवश्री, प्रितम आणि सरिता. सरिताही प्रितमच्याच बाजूची. तिचा मामा बोटीवर होता. त्यानं कुठल्याशा अमेरिकन बंदरातून ती सीडी आणली होती. आतलं गाण्यांचे शब्द असलेलं पुस्तक बोटीवरच राहिलं. गाणाऱ्याचं नाव वेष्टनावर इतक्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं की त्यांनी त्याला ‘बोलका’ म्हणायचं ठरवलं. मामा दुसऱ्या दिवशी परत जाणार होता, म्हणून देवश्री एकटी घाईघाईनं कमलाकरभाऊंकडे गेली. मग सहा महिने त्यांनी त्या कॅसेटची पारायणं केली. एक ओळ वाजवायची, टेप मागे न्यायची, पुन्हा वाजवायची. डिक्शनरी प्रितमच्या मांडीवर, वही सरिताकडे. त्यांना ते गाणं वाटलंच नाही पहिल्यांदा. बोलतोय, रागावतोय, पण यमकं अशी पेरतोय की शेवटाला नाही, वाक्याच्या पोटात सापडावीत. सरितानं डोळे मिटून ऐकलं होतं आणि म्हणाली होती, “ही ओवीच हाय गो. माझी आजी दळताना अशीच बोलायची. फक्त याचं जातं इजेवर चाललंय.”

“सापडली,” प्रितम आता म्हणाला, आणि त्यानं बॅगेतून सीडी वाजवायचं चपटं यंत्र काढलं. “दादरला फुटपाथवर. अख्खी, ओरिजिनल. काल रात्री घेतली, अजून लावलीसुद्धा नाही. म्हटलं, एकट्यानं ऐकण्यात काय मजा? आणि बघ, तू भेटलीस.”

वायरीचं एक टोक त्यानं स्वतःच्या कानात घातलं, एक तिला दिलं.

ते सुरू झालं आणि देवश्रीच्या अंगावर काटा आला. बारा मजल्यांची इमारत, लिफ्ट बंद. एक माणूस खालून वर जिना चढतोय. एकेक गाणं म्हणजे एकेक मजला. प्रत्येक मजल्यावर एक दार आणि दारामागे कुणीतरी.

“ऐक, ऐक, तिसरा,” प्रितम म्हणाला. “नळाचं पाणी तिसऱ्यापर्यंतच चढतं, पुढे ते माणसांच्या डोक्यावरून चढतं. इथे सरिता काय म्हणाली होती, आठवतं?”

“‘याला आमचं कुणी सांगितलं?’”

“हां. आणि मग आपण तिघंही गप. तू तर पार रडकुंडीला आली होतीस.”

“मला लाज वाटली होती.”

“माहीत आहे. म्हणून तर तुला ग्रुपमध्ये ठेवलं,” प्रितम डोळे मिचकावत म्हणाला.

पाचव्या मजल्यावर म्हातारी आई पायरीवर बसून दम खाते. ‘हातात दुधाची पिशवी, छातीत जिना.’ ही सरिताची भाषांतराची ओळ. मूळ इंग्रजी काय होतं ते दोघांनाही आता आठवेना, ही तेवढी आठवली. देवश्री हसली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात दूध, ताप, दात याखेरीज काहीतरी चाललं होतं. “बघ ना, इथे तो श्वाससुद्धा घेत नाही. चढणाऱ्याला दम लागायचा तसा ओळीलाच दम लागतो.”

“आणि खालचा ठोका बघ. तोही पायरी चुकवतो.”

“हे आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं.”

“तेव्हा तुझ्या टेपरेकॉर्डरला सर्दी झालेली असायची, कसं कळणार?”

गोदावरीबाईंना राहवेना. “बघू काय आहे ते.” देवश्रीनं तिचं टोक त्यांच्या कानाशी धरलं. त्यांनी बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं. “भांडतोय कुणाशी हा?”

“जिना चढतोय, काकू.”

“मग तोंड मिटून चढावं. अशानंच धाप लागते.” पण वायर त्यांनी लगेच परत दिली नाही. “घरी कुणी नाही वाटतं त्याचं,” त्या म्हणाल्या, आणि मग दिली.

ओवी कुरकुरली. देवश्रीनं तिला खांद्यावर घेतलं आणि बाहेर पाहिलं. पोलादपूर पाचसहा किलोमीटर मागे राहिलं होतं. तिथल्या स्टँडवर त्यांची गाडी दहा मिनिटं थांबली होती, आणि शेजारीच कापड्याची गाडी लागलेली तिला दिसली होती. ओवीला घेऊन उतरली असती तर अर्ध्यापाऊण तासात सरिताच्या दारात पोचली असती. सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न होताच. पण खरं कारण तो प्रश्न नव्हता. खरं कारण बारावा मजला होता.

कॅसेटवर बाराव्या मजल्यावर त्याच्या मित्राचं दार होतं. मित्र कित्येक दिवस कुणाला दिसलेला नाही. बोलका चढून येतो, धापा टाकत दारापाशी उभा राहतो, म्हणतो, हात वर केला आणि... टक्. टेप संपली. त्या ‘टक्’वर ते तिघं किती दिवस बोलत होते! प्रितमनं कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहिला, ‘न वाजवलेलं दार’. कवी दारापाशी थांबतो, कारण दुसऱ्याच्या दुःखाचं दार आपण वाजवायचं नसतं. ते आतूनच उघडावं लागतं. लेखाला बक्षीस मिळालं. देवश्रीला तो पाठ होता. सरिताला एकटीलाच पटलं नव्हतं. “बारा जिने चढून आलेला माणूस दार वाजवल्याबिगर ऱ्हाईल? मला नाय पटत. तुम्ही शिकलेली माणसं कायपण म्हणता.” तीही तेवढीच शिकलेली होती, पण भांडताना ती असंच म्हणायची. दोघांनी मिळून तिला गप्प केलं. त्या वेळी कमलाकरभाऊ काय म्हणाले होते ते देवश्रीनं सांगायला हवं होतं. तिनं नाही सांगितलं. ती जिंकत होती. आणि मग न सांगितलेलं हळूहळू विसरूनही गेली.

सरिताचं लग्न कापड्यापुढच्या वाडीत झालं. नवरा सहदेव उरणला कामाला, महिन्यातून एकदा येणारा. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाला. आणि पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या दुकानातून तिचा फोन आला होता.

“देवू, तुमचंच खरं होतं गो. माणूस दारापाशी येऊन थांबतोच. कुणी वाजवत नाय.”

“मान्य केलंस ना शेवटी!” देवश्री हसली होती. “पाच वर्षं लागली तुला.”

“हां. लागली.”

“बाळ रडतंय का गं मागे?”

“रडतो. मी बघते नुसती त्याच्याकडं. मला कायच होत नाय बघ.”

मग फोन तुटला. ती दमली असेल, असं देवश्रीला वाटलं. त्यानंतर दोनदा तिनं दुकानात फोन केला. दुकानदार बोलवायला गेला, परत आला आणि म्हणाला, “येत नाय म्हणते.” देवश्रीनं फोन ठेवला. दार आतूनच उघडावं लागतं.

“बारावा,” प्रितम म्हणाला. “तयार?”

दोघांनी डोळे मिटले. तीच धाप, तीच पावलं. दारापाशी उभा राहिलो. हात वर केला आणि...

‘टक्’ झालं नाही.

ठक, ठक, ठक. त्यानं दार वाजवलं होतं.

प्रितमचे डोळे उघडले. देवश्रीचे आधीच उघडले होते. तो वाजवतच राहिला. मित्राचं नाव घेऊन हाका मारायला लागला. म्हणाला, तुझं गप्प राहणं मला मान्य नाही. म्हणाला, तू ‘जा’ म्हणालास तरी मी ते ऐकलं नाही असं समज. मग जिन्यावरून खाली ओरडून त्यानं एकेका मजल्याला हाक दिली. तिसऱ्यावरच्या पाणी वाहणाऱ्या बाईला, पाचव्यावरच्या म्हातारीला, सगळ्यांना. आणि खालून पावलं यायला लागली, एकात एक मिसळलेली, आणि मग पुष्कळ हात दार वाजवायला लागले. चार मिनिटं. नुसते हात आणि हाका. दार उघडल्याचा आवाज शेवटपर्यंत आला नाही.

“आयला,” प्रितम म्हणाला. मग तो हसायला लागला, कपाळाला हात लावून. “माझा लेख! बक्षीस घेतलं गं मी त्याच्यावर! सरिता बरोबर होती. तिला सांगायला पाहिजे, ती आपल्याला सोडणार नाही...” तो थांबला. “काय झालं? देवश्री?”

तिनं त्याला फोनचं सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. कमलाकरभाऊंचंही सांगितलं. सांगताना तिचा आवाज सपाट येत होता, जसा वहीत ताप लिहिताना असतो.

प्रितमचं हसू गेलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला. रेंज नव्हती. तो दारात जाऊन, पावसात हात बाहेर काढून उभा राहिला. परत आला. “नाही. आणि पाऊस असा लागला की त्या दुकानाची लाइन आधी जाते.”

“मी जाते,” देवश्री उठली. “पोलादपूरपर्यंत चालत. पुढे मिळेल काहीतरी.”

“कुठे?” गोदावरीबाई म्हणाल्या.

“आई, माझी मैत्रीण...”

“ऐकलंय मी सगळं. बहिरी नाही.” त्यांनी ओवीच्या गळ्याला हात लावला. “ही तापली आहे. हिला घेऊन या पावसात सहा किलोमीटर? आणि मग आत कापड्याला? हिला माझ्याकडे ठेवलीस तर पिणार काय?”

देवश्री तरी दारापर्यंत गेली. एक पायरी उतरली. पदर ओवीच्या डोक्यावरून घेतला होता, पण तिरपा पाऊस त्याखालून आत आला आणि ओवी खोकली. एकदाच. देवश्री तशीच पायरीवर उभी राहिली. समोर ट्रकची रांग, टायरला टायर लावून. मागेही तीच. एक पाय गाडीत, एक पायरीवर. ओवी पुन्हा खोकली. देवश्री वर आली आणि बाकावर बसली.

“तू जा ना रे,” ती प्रितमला म्हणाली.

“पोलादपूरपर्यंत जातो. आत्ता जातो. वाडीतसुद्धा जाईन. पण त्या घरात...” तो खाली बघायला लागला. “लग्नानंतर सहदेवला ती वही सापडली होती. आपली, गाण्यांची. अर्धं अक्षर माझं. त्यानं ती चुलीत घातली. आणि पुढे काय काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी त्या दारात दिसलो ना, तर मी परत येईन, पण ती तिथंच राहायची आहे. दार बाईनंच वाजवलं पाहिजे, देवश्री. मी कापड्याच्या गाडीत बसतो, कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणीही बाई भेटेल. तू लिहून दे. माझ्या सांगण्यावर कोण जाईल? तुझं अक्षर असू दे.”

देवश्रीनं पर्समधून वही काढली. ओवीच्या तापाच्या पानामागचं कोरं पान फाडलं. पेन हातात धरलं आणि तिला काही सुचेना. सरिताला लिहायचं असतं तर शंभर गोष्टी लिहिल्या असत्या. ही चिठ्ठी कुणाला होती तेच माहीत नव्हतं.

“तिची सासू कुठे असते दिवसा?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“शेतावर. लावणी संपली असेल, पण गवताची बेणणी असेल.”

“म्हणजे एकटीच.” गोदावरीबाई म्हणाल्या. “ओवीचा बाप, रुचिर, झाला तेव्हा मी अशीच गप्प झाले होते. आमच्या शेजारच्या ठकूबाई रोज येऊन बसायच्या. मी ‘जा’ म्हणायचे, त्या भाजी निवडत बसायच्या.” देवश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ओवीला तिच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर ओढलं. “बाळंतीण गप्प झाली की तिला एकटी सोडत नाहीत, एवढं साधं आहे ते. गाणी कसली ऐकता? लिही. पुढचं दार नाही उघडलं तर मागच्या पडवीनं जा, असंही लिही.”

प्रितम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभा होता. सीडीचं रिकामं प्लास्टिकचं वेष्टन त्यानं हातात धरलं होतं, चिठ्ठी भिजू नये म्हणून. देवश्रीनं लिहिलं :

*हे ज्यांच्या हाती पडेल त्यांना,*

*मी तुम्हाला ओळखत नाही. मी कशेडीखाली अडकलेल्या गाडीत आहे, माझं मूल लहान आहे, मला येता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कापड्याच्या पुढे वाडी आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला शेवटचं घर, निळं दार. तिथे सरिता राहते. चार महिन्यांचं बाळ आहे. ती माझी मैत्रीण आहे आणि मी तिचं ऐकलं नाही.*

*तिचं दार वाजवा. ‘येत नाही’ म्हणाली तरी फिरू नका. उत्तर आलं नाही तर मागच्या पडवीनं आत जा, शेजारपाजारच्या बायकांना हाका मारून बोलवा. बाळाला आधी तुमच्या हातात घ्या. तिला सांगा, देवूनं शेवट ऐकला. तो दार वाजवतो. तुझंच बरोबर होतं. मग तिच्याजवळ बसा, भाजी निवडा, काहीही करा, पण तिची सासू परत येईपर्यंत उठू नका.*

*उद्या नको. अंधार पडायच्या आत जा.*